शुक्रवारचा शेवटचा तास

शाळेच्या मोठ्या दारातून आत शिरलं की समोरच्या भिंतीवर हातभर उंचीची रंगीत लाकडी अक्षरं लावलेली होती. प्रामाणिकपणा, जबाबदारी, आदर, धैर्य, सहवेदना. शाळा आंतरराष्ट्रीय, मुलं जगाच्या कानाकोपऱ्यांतून आलेली, तेव्हा आपण या मुलांतून काय घडवणार आहोत ते येणाऱ्याजाणाऱ्याला दारातच सांगून टाकलेलं बरं, असा त्यामागचा विचार असावा. पालक त्या भिंतीसमोर उभे राहून फोटो काढत. मावशींचा त्या शब्दांशी संबंध यायचा तो सोमवारी सकाळी, लांब काठीला फडकं गुंडाळून. प्रामाणिकपणा सगळ्यात लांब आणि सगळ्यात उंचावर, त्यामुळे धूळही त्याच्यावरच जास्त बसते, अशी त्यांची तक्रार होती. सहवेदना बिचारी खाली, हाताशी होती. ती चटकन पुसून व्हायची.

मावशी म्हणजे शाळेच्या जुन्या सफाई कामगार. लग्नाच्या आधीपासून त्यांनी एका इस्पितळात वॉर्ड पुसला होता आणि तिथल्या मोठ्या सिस्टरच्या हाताखाली त्या तयार झाल्या होत्या. त्या सिस्टर ओरडत नसत. पलंगाच्या खालच्या दांडीवरून एक बोट फिरवायच्या आणि ते बोट न बोलता समोर धरायच्या. त्या बोटाची मावशींनी अशी धास्ती घेतली की पुढे सिस्टर निवृत्त झाल्या, इस्पितळ सुटलं, तरी ते बोट काही त्यांच्या डोळ्यांसमोरून हललं नाही. कुणाकडे पाहुण्या म्हणून गेल्या तरी खुर्चीवर टेकण्याआधी त्या खुर्चीच्या पायांकडे बघत. त्यांचे यजमान, म्हणजे नवरा, त्यांना कोपरखळी मारून म्हणत, चहा घे, तपासणी नंतर कर.

शाळेत नव्या मुख्याध्यापिका आल्या आणि मावशींच्या आयुष्यात शुक्रवारचा शेवटचा तास आला. मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणत. भिंतीवरची जबाबदारी खाली उतरवून जरा वापरात आणावी असं मोठ्या बाईंच्या मनाने घेतलं. पाचवीच्या मुलांनी आठवड्यातून एकदा आपला वर्ग आपण झाडायचा, पुसायचा, काचा लख्ख करायच्या. आणि हे शिकवणार कोण, तर मावशी. मोठ्या बाईंनी वर्गात येऊन मुलांना स्पष्ट सांगितलं की जी शिकवते ती बाई, तेव्हा या तासाला मावशींना कुणी मावशी म्हणायचं नाही.

मावशींचं स्वतःचं शिक्षण चौथीत आटोपलं होतं. ज्या वर्गात त्या आजवर मुलं गेल्यावरच शिरल्या होत्या, त्या वर्गात मुलं समोर बसलेली असताना फळ्यापाशी उभं राहायचं म्हणजे काय ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. पहिल्या शुक्रवारी त्यांनी आधी फळाच पुसून घेतला. मग एका मुलाने न झाडताच बादलीभर पाणी फरशीवर ओतलं आणि त्यांची भीती कुठल्या कुठे पळाली. त्यांनी मुलांना झाडू जमिनीला टेकवून ओढायला शिकवलं, आधी कोरडं मग ओलं हे शिकवलं, वर्तमानपत्राचा बोळा करून काच कशी पुसायची ते दाखवलं, पुसत पुसत मागे सरकायचं म्हणजे आपणच कोपऱ्यात कोंडले जात नाही हेही सांगितलं. त्या दिवसापासून त्या शुक्रवारी डब्याबरोबर इस्त्री केलेला वेगळा गणवेश नेऊ लागल्या. जेवणाच्या सुट्टीनंतर तो अंगात घालायच्या. सकाळी निघताना यजमान विचारत, आज मावशी की बाई. हसू त्यांना लपवता येत नसे.

हे सगळ्यांनाच रुचलं होतं असं नाही. वर्गात एक चुरचुरीत मुलगी होती, प्रत्येक गोष्टीला 'पण का?' विचारणारी. मावशींनी तिचं नाव वकीलबाई ठेवलं होतं. हिला वकिली कुठून आली ते तिचे वडील पालकसभेत उभे राहिले तेव्हा कळलं. त्यांनी शांतपणे, मुद्देसूद सांगितलं की आपण मुलीला इथे शिकायला पाठवतो, झाडू मारायला नाही, आणि असला झाडूपोछा करून वर्ग तरी धड स्वच्छ होतो का ते बघायला हवं. बऱ्याच माना हलल्या. शेवटी असं ठरलं की वर्षभर बघू. वर्षाच्या शेवटी आंतरराष्ट्रीय शाळांना मान्यता देणाऱ्या संस्थेचे पाहुणे शाळा पाहायला येतात. ते येऊन गेले की पालकांनी मिळून हा तास ठेवायचा की बंद करायचा ते ठरवायचं. तोवर दर शनिवारी पालकांनी हवं तर येऊन वर्ग बघावा.

मावशी त्या सभेत मागे पाण्याचे ग्लास घेऊन उभ्या होत्या. त्यांनी एवढंच ऐकलं की वर्ग स्वच्छ दिसला नाही तर तास बंद.

आता, पाचवीची मुलं ती. त्यांनी पुसलेली फरशी वाळली की तिच्यावर फराटे उठायचे. काचेवर बोटांचे ठसे जाऊन त्यांच्या जागी ओघळ यायचे. पेन्सिलींची टरफलं झाडूने गोळा व्हायची ती थेट कपाटाखाली जायची. मावशी ते बघत आणि त्यांचा जीव वरखाली होई. मग घंटा झाली, मुलं बसमध्ये चढली, की त्या वर्गाचं दार लोटून घेत, बाह्या सारत आणि सगळा वर्ग पहिल्यापासून पुन्हा साफ करत. झटपट, सराईत हाताने, कुणाला पत्ता लागू न देता. शनिवारी पालक येत, वाकून कोपरे बघत आणि गप्प होत. वकीलबाईच्या वडिलांनी एकदा खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि ते खिशात घातलं. मावशींना त्या दिवशी जेवण गोड लागलं.

असं वर्ष सरत आलं. मुलं तर हवेतच होती. आपल्यासारखा वर्ग साऱ्या शाळेत कुणाचा नाही, असं ती सहावीच्या मुलांना ऐकवत. दर शुक्रवारी झाडू थोडा अधिक हलका चाले, कारण कसंही केलं तरी शनिवारी वर्ग चकाचक असायचाच. मावशींच्या हे ध्यानात येत होतं, नाही असं नाही. पण त्याकडे काणाडोळा करणं त्यांना सोपं गेलं.

पाहुणे शनिवारी येणार होते. गुरुवारी दुपारी मावशी व्हरांड्यातला कठडा पुसत होत्या आणि आत वर्गात मुलांची तालीम चालली होती. पाहुण्यांसमोर बोलायला वकीलबाईला उभं केलं होतं. तिचा आवाज खणखणीत, दारातून स्पष्ट ऐकू येत होता. आमचा वर्ग आम्हीच साफ करतो, ती म्हणाली. बाईंनी आम्हाला शिकवलं. आमच्या मागून कुणी त्याला हात लावत नाही. तुम्ही आज जे बघताय ते आमचं काम आहे, आणि ही आमची जबाबदारी आहे.

मावशींचा हात कठड्यावर थांबला. बाकीची मुलं टाळ्या वाजवत होती. आपण वर्षभर मुलांना मदत करतोय, असं त्या धरून चालल्या होत्या. मदत कसली, आपण त्यांच्या तोंडी खोटं घातलं. पोर बिचारी छाती पुढे काढून खोटं बोलते आहे आणि ते खोटं आहे हे तिला माहीतसुद्धा नाही. मावशींना भयंकर लाज वाटली. कठडा तिथेच अर्धा सोडून त्या खाली निघून गेल्या, आणि अर्धं काम सोडणं हे त्यांच्या हातून आजवर घडलेलं नव्हतं.

यजमान शहराच्या बसवर ड्रायव्हर. ते संध्याकाळी घरी आले तेव्हा मावशी पलंगावर नुसत्या बसल्या होत्या आणि वाळलेले कपडे शेजारी तसेच पडले होते. काही न विचारता यजमान कपड्यांच्या घड्या घालू लागले. मावशी सांगत गेल्या आणि ते ऐकत गेले. सांगता सांगता मावशींनी त्यांनी हातावेगळी केलेली चादर उचलली, उलगडली, टोकाला टोक जुळवलं आणि पुन्हा घडी घातली. यजमान बघत राहिले.

"हे बघ," ते म्हणाले. "आत्ता काय केलंस?"

मावशींनी चादरीकडे पाहिलं. "तुमची घडी वाकडी असते."

"असते. लग्न झाल्यापासून वाकडीच आहे. तिला सरळ व्हायला तू वेळ कुठे दिलास?"

ते हसत होते, त्यांनी काही मनाला लावून घेतलं नव्हतं. मावशींना मात्र हसू आलं नाही. घरात आपल्या घड्या कधीच धड नसतात असं हा माणूस इतकी वर्षं धरून चालला आणि तरीही मुकाट्याने घड्या घालत राहिला, हे त्यांच्या आज पहिल्यांदा मनात शिरलं.

रात्रभर त्यांनी उलटसुलट विचार केला. उद्या मागून साफ केलं नाही तर निदान या आठवड्यापुरतं पोरीचं बोलणं खरं होईल, आणि कुणाला काही सांगायलाही नको. पण मग पाहुण्यांना फराटे दिसतील, मुलं तोंडघशी पडतील, आणि असं का झालं हे त्यांना कळणारसुद्धा नाही. आणि साफ केलं, तर तास वाचेल. हा तास गेला तर आपण पुन्हा सोमवार ते शनिवार नुसत्या मावशी. त्यांना ते नको होतं, अगदी मनापासून नको होतं.

शुक्रवारी सकाळी त्या आधी मोठ्या बाईंच्या खोलीकडे गेल्या. खोलीला कुलूप होतं. मोठ्या बाई पाहुण्यांना आणायला गेल्या होत्या, त्या आता उद्याच भेटणार. म्हणून शेवटच्या तासाला, इस्त्रीचा गणवेश घालून, मावशी फळ्यापाशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी मुलांना झाडू खाली ठेवायला सांगितलं. मग त्यांनी सांगून टाकलं. दर शुक्रवारी तुम्ही गेल्यावर मी वर्ग पुन्हा साफ करते. पहिल्यापासून.

मुलं एकमेकांकडे बघू लागली. ज्या मुलाने पहिल्या दिवशी बादली ओतली होती, त्याने तोंड फिरवलं आणि तो खिडकीबाहेर बघत बसला. वकीलबाई उभी राहिली.

"म्हणजे आम्ही वर्ग कधी साफ केलाच नाही?"

"केलात," मावशी म्हणाल्या. "मी तो तसा राहू दिला नाही."

"पण का?"

यावर काही गोड बोलता आलं असतं. मावशी म्हणाल्या, "वर्ग खराब दिसला तर हा तास बंद होणार होता. मला हा तास हवा होता."

वकीलबाईचे डोळे भरून आले होते, पण ते रागाने. तिने विचारलं की मग उद्या मी काय बोलू. मावशींनी सांगितलं की मोठ्या बाईंना मी स्वतः सांगणार आहे, ते तुझ्या गळ्यात नाही. तू जेवढं खरं आहे तेवढं बोल, आणि बोलायचं नसेल तर नको बोलूस, तुला कुणी काही म्हणणार नाही. आणि आज घंटा झाली की मी घरी जाणार आहे.

मग मुलांनी जे झाडू उचलले ते काही प्रेमाने नव्हे. रागारागानेच वर्ग झाडला गेला. पण पहिल्यांदाच एकाने कपाट ओढून त्याच्या मागे बघितलं आणि तिथली टरफलांची रास पाहून तो चाट पडला. पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं की फराटा राहिला आहे हे कळतं कसं. मावशींनी त्यांना जमिनीलगत वाकून खिडकीच्या उजेडाकडे बघायला लावलं. तिरप्या उजेडात सगळी फरशी उघडी पडली आणि मुलं हबकली. पाणी बदलायला चारदा धावपळ झाली. अर्ध्या काचा झाल्या, अर्ध्या राहिल्या. टेबलांखाली वाळलेला डिंक होता, तो काही निघेना. एवढ्यात घंटा झाली.

मुलं गेली. मावशी रिकाम्या वर्गात उभ्या राहिल्या आणि त्यांना सगळं दिसत होतं. काचेवरचे ओघळ, बेसिनच्या कडेचा निळा रंग, दाराजवळचा फराटा. हात अक्षरशः शिवशिवत होते. त्यांनी बादली जागेवर नेऊन ठेवली, कुलूप लावलं आणि जाताना किल्ली पहारेकऱ्याकडे देऊन त्याला बजावलं की आज मी परत मागायला आले तरी द्यायची नाही. पहारेकऱ्याने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू विचारत होता, मावशी, तब्येत बरी आहे ना.

शनिवारी पाहुणे आले. एक वयस्कर, मृदू बोलणारे गृहस्थ, त्यांच्या मागे मोठ्या बाई आणि मोठ्या बाईंच्या मागे चारपाच पालक. त्यांत वकीलबाईचे वडील होतेच. मावशींनी मोठ्या बाईंना गाठायचा प्रयत्न केला होता, पण पाहुण्यांच्या घोळक्यातून त्यांना बाजूला घेणं काही जमलं नाही. वर्गात पाऊल टाकताच मोठ्या बाईंची नजर खिडकीवर गेली आणि त्यांचा चेहरा उतरला. मावशी दारात भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

वकीलबाई पुढे आली. हातातला कागद तिने आधीच मागे ठेवून दिला होता.

"हा वर्ग काल आम्ही साफ केला," ती म्हणाली. "अर्ध्या काचा राहिल्या आहेत. टेबलाखालचा डिंक निघत नाही. याआधी वर्ग छान दिसायचा, कारण आमच्या मागून बाई पुन्हा साफ करायच्या. आम्हाला माहीत नव्हतं. काल बाईंनी सांगितलं. म्हणजे आम्ही खरं तर कालपासूनच शिकतोय."

मोठ्या बाईंनी दाराकडे पाहिलं. मावशींनी मान हलवली, हो म्हणून. पाहुण्यांनी काचेकडे पाहिलं, मग खाली वाकून टेबलाखालच्या डिंकाकडे पाहिलं, आणि मुलीला विचारलं की मग आता तुमच्या बाई काय करतात.

"हात मागे बांधून उभ्या राहतात," वकीलबाई म्हणाली. आणि वकिलाला शोभेल अशा इमानदारीने पुढे म्हणाली, "म्हणजे राहणार आहेत. ते त्यांना अजून येत नाही. आम्ही शिकवू."

पाहुणे मोठ्याने हसले. त्यांच्यामागून सगळे हसले. मावशींनी डोळे पुसले आणि कुणाला दिसू नये म्हणून त्याच फडक्याने दाराची कडीही पुसली.

पाहुणे गेल्यावर मोठ्या बाईंनी मावशींना खोलीत बोलावलं. त्या रागावलेल्या होत्या, त्यांनी तो राग लपवला नाही. वर्षभर मी सगळ्यांना हा वर्ग दाखवत फिरले मावशी, त्या म्हणाल्या, तुम्ही मला एकदा तरी सांगायचं होतं. मावशींनी चूक कबूल केली आणि तासाचं काय, असं विचारलं. मोठ्या बाई म्हणाल्या की ते पालक ठरवतील, पण ठेवला तर शिकवाल तुम्हीच. आता तर तुमच्याशिवाय कुणाला शिकवता येणार नाही.

पुढच्या आठवड्यात सभा भरली. बोलणाऱ्यांनी दोन्ही बाजूंनी बोलून घेतलं. दोघा पालकांनी आपल्या मुलांना या तासातून काढून घेतलं, ते घेतलंच. मग वकीलबाईचे वडील उठून म्हणाले की आमच्या घरी आता मुलीने पुसलेल्या दिवाणखान्याच्या खिडकीला ओघळ आहेत आणि त्यांना हात लावायची कुणाला परवानगी नाही. मी सकाळी लपूनछपून पुसायला गेलो तर मला पकडलं. तेव्हा माझं म्हणणं मी मागे घेतो. फक्त त्या बाईंना विचारायचं होतं की ओघळ जातात कसे. सगळी सभा हसली. मावशींनी मागूनच सांगितलं की वर्तमानपत्राचा बोळा कोरडा हवा, आणि घाई नको.

पुढल्या शुक्रवारी मावशी इस्त्रीचा गणवेश घालून वर्गाच्या मधोमध उभ्या होत्या. एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट पाठीमागे घट्ट धरलं होतं. मुलं टेबलांखाली शिरून डिंकाशी झटत होती. बादलीवाला मुलगा मागे सरकत सरकत फरशी पुसत होता आणि कपाटाजवळचा एक कोपरा त्याने चक्क सोडला. मावशींनी तो पाहिला. थोडा वेळ त्या दुसरीकडे बघत राहिल्या. मग त्यांचा एक हात आपोआप सुटला आणि काठीवरच्या फडक्याकडे निघाला.

टेबलाखालून वकीलबाईचा आवाज आला. "बाई, हात."

मावशींनी हात मागे घेतला आणि पुन्हा घट्ट धरला. दाराशी पोहोचलेल्या त्या मुलाने एकदा वाकून तिरप्या उजेडात फरशीकडे बघितलं, आणि आपली बादली उचलून तो परत त्या कोपऱ्याकडे चालू लागला.